स्ट्रेटनर फिरवताना 'चर्र' आवाज येतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'माझे केस पाठीपर्यंत लांब, मध्यम जाडीचे, थोडे लाटदार आहेत. गेली दोन वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी आंघोळीनंतर स्ट्रेटनर फिरवते. तापमान २१० वर असतं. हल्ली टोकांना फाटे फुटलेत, मध्येच पांढरे ठिपके दिसतात आणि नेमका तिथेच केस तुटतो. शिवाय दोन तासांत केस परत पिंजारतात, म्हणून दुपारी पुन्हा एक हात फिरवते. मशीन बदलू का? टायटॅनियमचं घेऊ की सिरॅमिकचं? आणि हीट प्रोटेक्टंटनं खरंच काही होतं, की ती नुसती विक्रीची युक्ती आहे?'

मशीनचं शेवटी बोलू. २१० हा आकडा जास्त आहेच, पण मला त्याहून जास्त खटकला तो 'आंघोळीनंतर' हा शब्द.

मी एकवीस वर्षं केसांचंच काम करते आहे. स्ट्रेटनरनं केस खराब झाले म्हणून कुणी समोर येऊन बसलं, की मी आधी विचारते, फिरवताना आवाज येतो का? बहुतेकजणी जरा आठवून सांगतात, हो, चर्र असा येतो, थोडी वाफही निघते. बऱ्याचजणींना तर ते मशीन नीट तापल्याचं लक्षण वाटत असतं. प्रत्यक्षात ते पाणी उकळल्याचं लक्षण आहे, आणि ते पाणी केसाच्या नुसतं वर नसतं, आतही असतं.

केस म्हणजे आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या आणि बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. हाताला कोरडा ठणठणीत लागणारा केससुद्धा हवेतल्या ओलाव्यानुसार वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी धरून असतो. पूर्ण भिजला की हे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात जातं. अशा केसाला २१० अंशांची प्लेट लागली, तर आतल्या पाण्याची वाफ व्हायला वेळ लागत नाही, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. मग केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजासारखा पोकळ दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. पोकळ झालेला केस फणी लागली तरी त्या जागी मोडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोरड्या केसातल्या केराटिनची मूळ घडी साधारण २३० ते २४० अंशांना विस्कटते. भिजलेल्या केसात तेच १५० अंशांच्या आसपास होतं. म्हणजे तुमचा आकडा तोच राहिला तरी ओल्या केसाला तो फार मोठा पडतो. '२१० कोरड्या केसाला सोसतं' असं मी म्हणत नाही. खवल्यांना तडे जाणं, रंग उतरणं हे त्याच्या कितीतरी खालीच सुरू होतं. पण तुमची निम्मी हानी ओलाव्यामुळे झाली असणार, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही म्हणता ते पांढरे ठिपके ही त्याचीच खूण. एक केस उजेडात धरून नीट बघा. ठिपक्याच्या जागी खवले उडून गेलेले असतात आणि आतले तंतू बाहेर फुललेले असतात. दोन जुन्या ब्रशांची तोंडं एकमेकांत खुपसावीत तसं ते दिसतं. ठिपका म्हणजे कोंडा नाही किंवा उवांची लीख नाही. तो झटकून जात नाही, आणि धुऊनही नाही. पण ओढलंत तर केस तिथूनच तुटेल.

तेव्हा पहिला बदल हा करा. केस धुतलेत त्याच सकाळी घाईत स्ट्रेटनर नको. आदल्या संध्याकाळी धुवा, किंवा ड्रायरनं खरंच पूर्ण वाळवा. 'पूर्ण' म्हणजे काय, तर वरचा पदर वाळतो तेव्हा मानेजवळचा आणि कानामागचा पदर अजून दमट असतो. तिथे हाताची मागची बाजू लावून बघा. बोटांच्या टोकांना ओलावा नीट कळत नाही, हाताच्या पाठीला गारवा लगेच जाणवतो. गार लागलं तर वाळलेलं नाही.

ड्रायर वाईट, केस आपोआप वाळलेले बरे, असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्वी मीही सांगायची. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केस वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरनं वाळवून आणि नुसते हवेत वाळवून तपासले. ड्रायर जितका जवळ, तितकी पृष्ठभागाची झीज जास्त, हे अपेक्षितच होतं. पण केसातल्या पेशींना जोडणारा जो पातळ थर असतो, त्याला इजा दिसली ती हवेत वाळलेल्या केसांमध्ये. बराच वेळ ओलं राहणंही केसाला मानवत नाही. वीतभरापेक्षा थोडं कमी, १५ सेंटिमीटर अंतर ठेवून आणि ड्रायर सतत हलता ठेवून वाळवणं त्यांच्या तपासणीत बरं ठरलं. मी आता तेच करते. टॉवेलनं चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं, दहा-पंधरा मिनिटं तसेच सोडायचे आणि मग ड्रायर.

आता हाताचं काम. लिहून दाखवायला हेच कठीण आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आरशासमोर घाईत असताना आपण काय करतो? मूठभर केस प्लेटमध्ये पकडतो आणि वरून खाली सर्रकन ओढतो. बाहेरचे केस सरळ होतात, मधले तसेच राहतात. म्हणून परत एकदा, परत एकदा. बाहेरच्या केसांना पाच वेळा शेक बसतो आणि मधल्यांना धड एकदाही नाही. 'माझे केस हट्टी आहेत, २१० शिवाय ऐकत नाहीत' ही तक्रार दहातल्या आठ वेळा जाड बटेची असते.

बट घ्यायची ती प्लेटच्या रुंदीपेक्षा थोडी अरुंद आणि इतकी पातळ, की मागे बोट धरलं तर बोटाची कड दिसावी. बाकीचे केस क्लिपनं वर बांधून टाका, मानेपासून सुरुवात करा आणि एकेक पदर खाली सोडत वर चढा. बट आधी विंचरून गुंता काढा. मग उजव्या हातात स्ट्रेटनर, डाव्या हातात बारीक दातांची फणी. फणी मुळाशी घाला, तिच्या मागोमाग बोटभर अंतर ठेवून प्लेट लावा आणि दोन्ही एकाच चालीनं खाली न्या. फणी पुढे केस सरळ मांडते, प्लेट मागून त्यांना तसंच बसवते. टाळूपासून बोटभर जागा सोडायची. प्लेट दाबून धरायची नाही, केस सुटणार नाहीत इतपतच पकड. चाल किती? एक वीत केसाला तीन-चार सेकंद. मध्ये थांबलात तर त्या जागी आडवी घडी पडते आणि ती काढायला पुन्हा फिरवावं लागतं.

टोकाशी आलात की पकड सैल करा आणि निसटू द्या. हे मी शिकाऊ मुलींना पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपली सवय उलट असते. टोकं दिसतात म्हणून तिथेच जास्त वेळ थांबतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पाठीपर्यंतचा केस ४५ सेंटिमीटरचा धरला, तर त्याचं टोक पावणेचार वर्षांचं झालं. तुमच्या दोन वर्षांतल्या साडेतीनशेहून जास्त सकाळी, शिवाय त्या दुपारी, सगळ्या त्या टोकानं सोसल्यात. मुळाजवळचा केस गेल्या महिन्यातला आहे. दोघांना सारखा शेक देणं हा अन्याय आहे.

अशी पातळ बट, खरा कोरडा केस आणि एक सावकाश हात. बहुतेक बटांना तेवढं पुरतं. अगदीच लागलं तर दुसरा, पण बट गार झाल्यावर. तिसरा नाही.

तापमानाचं उत्तर आता सोपं आहे. तुमच्या केसांना १७० ते १८० पासून सुरुवात करा. बारीक, रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस असतील तर १५०-१६०. दाट, जाड, घट्ट कुरळ्या केसांना १९० ते २०० लागू शकतं. त्याच्या वर मी स्वतः जात नाही. मशीनवर २३० लिहिलेलं असतं म्हणून ते वापरायलाच हवं असं नाही. मात्र उलट चूकही सांगून ठेवते. भीतीपोटी १३० वर ठेवून सहा-सहा वेळा फिरवणं १८० वर एकदा फिरवण्यापेक्षा बरं नाही. खवल्यांची घासाघीस होते ती वेगळीच. आणि पिकलेले केस असतील तर जास्तच जपा, उष्णतेनं पांढऱ्या केसांवर पिवळट झाक येते आणि ती शांपूनं जात नाही.

ज्या मशीनवर आकडेच नसतात, नुसता लाल दिवा असतो, त्यासाठी जुनी युक्ती आहे. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोनं १८७२ च्या सुमारास गरम चिमट्यानं केसांना लाटा पाडायची पद्धत काढली. तेव्हा चिमटे ज्योतीवर तापवायचे आणि थर्मोस्टॅट नव्हता. म्हणून चिमटा आधी कागदावर दाबून बघत. कागद तपकिरी पडला की चिमटा जरा निवू द्यायचा. मी आजही अनोळखी मशीन हातात आलं तर पांढरा टिश्यू पेपर चार-पाच सेकंद प्लेटमध्ये धरते. कागद करपला तर ते मशीन केसांना लावायचं नाही. एका बाजूला डाग आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, असं दिसलं तर प्लेट एकसारखी तापत नाही. असं मशीन सरळ बाद करा.

दुपारच्या हाताबद्दल. केस सरळ राहतो तो हायड्रोजन बंधांच्या, म्हणजे केराटिनचे तंतू एकमेकांना धरून ठेवणाऱ्या कच्च्या दुव्यांच्या जोरावर. हे बंध उष्णतेनं आणि पाण्यानं सुटतात, केस वाळून निवला की नव्या जागी जुळतात. म्हणूनच इस्त्री केलेले केस धुतले की मूळ वळणावर येतात. दमट हवेतला ओलावा तेच काम हळूहळू करतो. दोन तासांत पिंजारण्याचं एक कारण हवा असेल, पण तुमच्या बाबतीत मला दोन कारणं आणखी दिसतात. आतला पदर दमट राहत असणार, तो ओलावा नंतर वरच्या पदरात पसरतो. आणि बट गरम असतानाच तुम्ही तिला ब्रश मारत किंवा कानामागे खोचत असणार. बंध जुळतात ते निवताना. त्या अर्ध्या मिनिटात केसाला जो आकार द्याल तो तो धरतो. तेव्हा पूर्ण डोकं झाल्यावर पाच मिनिटं केसांना हात लावू नका, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं एकदा विंचरा. फरक त्याच दिवशी दिसेल.

दुपारी परत स्ट्रेटनर मात्र बंद. तोपर्यंत भांगाजवळ घाम असतो, त्यावर प्लेट फिरवणं म्हणजे पुन्हा ओल्या केसाचीच गोष्ट. वाटाण्याएवढं सिरम तळहातावर चोळून वरवर हात फिरवा, नाहीतर सरळ बांधून टाका.

हीट प्रोटेक्टंट ही युक्ती नाही, पण कवचकुंडलंही नाहीत. त्यात बहुधा डायमेथिकोनसारखी सिलिकोन आणि काही पॉलिमर असतात. ती केसावर पातळ पापुद्रा धरतात, त्यामुळे उष्णता जरा सावकाश आणि एकसारखी आत जाते, प्लेट घासत नाही. हानी कमी होते, शून्य होत नाही. ते लावलंय म्हणून २३० चालेल, असा हिशेब करू नका. त्याहून मोठी गोम लावण्याच्या वेळेत आहे. क्रीम आणि बरेचसे स्प्रे ओलसर केसांना, ड्रायरच्या आधी लावायचे असतात. पाण्यासारखा पातळ स्प्रे कोरड्या केसांवर मारून लगेच प्लेट लावली, की परत चर्र. मारलाच तर विंचरून पसरवा आणि तो पूर्ण सुकेपर्यंत थांबा. एकदा एका मुलीच्या केसांतून इतका धूर निघाला की मी घाबरून प्लग काढला. तिनं घरून तेल लावून आणलं होतं, 'केसांना संरक्षण म्हणून'. तेल धुण्याआधी लावा, हवं तेवढं. प्लेटखाली नको.

आता मशीन. टायटॅनियमच्या प्लेट लवकर तापतात आणि केसानं उष्णता ओढून घेतली तरी चटकन परत तापतात. ज्याचा हात सराईत आहे, समोर दाट केस आहेत, त्याला त्या सोयीच्या. घरी, मध्यम केसांना, शिकत्या हाताला सिरॅमिक बरं, कारण चूक झाली तर ते जरा पोटात घालतं. पण सिरॅमिक म्हणून विकलं जाणारं बहुतेक मशीन म्हणजे धातूच्या प्लेटवर सिरॅमिकचा मुलामा. तो एकदा उडाला की त्या जागी केस अडकतो, ओढला जातो. टूर्मलीन म्हणजे त्याच मुलाम्यात मिसळलेली खनिजाची भुकटी. तिच्या आयनांसाठी मी तरी जास्त पैसे मोजणार नाही. बघायचंच तर हे बघा. तापमान आकड्यात ठरवता येतं का. प्लेटच्या कडा गोल आहेत का. मशीन गार असताना मिटून उजेडासमोर धरलं तर प्लेटमधून फट दिसत नाही ना. दाबल्यावर प्लेट किंचित दबते का. ओले केस थेट सरळ करणारं, भोकांतून वाफ सोडणारं मशीन कुणी दाखवलं तर त्याचं काय करायचं ते वरचं वाचल्यावर तुम्हीच ठरवा.

तुमचं आत्ताचं मशीन कदाचित ठीकही असेल. गार असताना प्लेटवर नखाचं टोक हळूच फिरवून बघा. खरखर लागली तर एकतर मुलामा उडालाय, नाहीतर सिरम आणि स्प्रेचा करपलेला थर साठलाय. प्लग काढून, मशीन पूर्ण निवल्यावर, स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेल्या मऊ फडक्यानं पुसा. तपकिरी डाग फडक्यावर आला तर मळ होता. घासणी किंवा सुरी लावू नका. आणि गरम मशीनला वायर गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा, वायर मुळाशी तुटायला लागते. घरात लहान मूल असेल तर बंद केलेलं मशीनही हाताला लागणार नाही असं ठेवा, प्लेट बराच वेळ तापलेली राहते. कानाला, मानेला चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण अशा केसांना पुढचा सल्ला 'केराटिन करून घ्या', म्हणजे द्रावण लावून गरम प्लेटनं केस सरळ करण्याची ट्रीटमेंट घ्या, असाच मिळतो, म्हणून एक ओळ. या प्रकारातल्या काही द्रावणांतून गरम प्लेट लागताच फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. बाटलीवर 'मिथिलीन ग्लायकॉल' किंवा 'फॉर्मॅलिन' असं लिहिलेलं असेल तर गोष्ट तीच. फिरवताना डोळे झोंबायला लागले तर उठून बाहेर या. मी हे काम घेत नाही.

राहिली टोकं. फुटलेला फाटा कशानंही जुळत नाही. केस जिवंत नाही, तो भरून येत नाही. सिरमनं चिकटून दिसतो, पुढच्या धुण्याला परत सुटतो. तुमच्याकडे पांढरे ठिपके टोकाच्या किती वर दिसतात ते आधी मोजा. चार-पाच बोटांच्या आत असतील तर तेवढे एकदम कापा. त्याहून वरपर्यंत असतील आणि लांबी सोडायची नसेल, तर दर दोन महिन्यांनी दोन बोटं कापत चला, आणि मधल्या काळात खालच्या वीतभर केसांना स्ट्रेटनर लावूच नका. भांगापासून हनुवटीपर्यंत सरळ आणि खाली मूळची लाट, हे दिसतंही बरं. पहिले दोन आठवडे तर मी म्हणेन फक्त समोरच्या, चेहऱ्याजवळच्या बटा करा आणि मागचे तसेच सोडा. मागचे केस आरशात तुम्हाला जितके खटकतात तितके दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत.